जुलैचे केस

खडेबाजारातल्या एका दुकानात परवा दुपारी एक बाटली हाती लागली. दमट हवेपासून केसांचं चोवीस तास संरक्षण, असं तिच्यावर छातीठोकपणे लिहिलेलं. बाहेर पाऊस इतका लागलेला, की समोरची पाटी कानडीत आहे की इंग्रजीत तेही कळेना. मला हसूच आलं. ही बाटली ज्यांनी भरली त्यांनी जुलै कुठं काढला असेल कोण जाणे, बेळगावात तरी नक्कीच नाही. इथं आषाढ लागला की देवघरातली काडेपेटीसुद्धा चोवीस तास कोरडी राहत नाही. दोरीवरचे कपडे शेवटी पंख्याखाली येतात आणि तिथंही नाही वाळले तर इस्त्री फिरवून अंगात घालायचे. अशा हवेत मी घरातून निघते तेव्हा वेणी असते. टिळकवाडीचं पहिलं गेट येईपर्यंत त्या वेणीला दाढी फुटलेली असते.

तरी बाटली उलटी केलीच. ही माझी खोड. पुढचं मोठं अक्षर मी वाचत नाही, मागचं बारीक वाचते, चष्मा कपाळावर चढवून. त्या यादीत जे जास्त घातलंय ते आधी लिहितात. पाणी पहिलं, ते असणारच. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर ग्लिसरीन दिसलं की जून ते सप्टेंबर ती बाटली परत फळीवर. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याशिवाय दुसरं असतंच काय? ते सगळं केसांत येऊन बसतं. दसरा झाला, हवा सुकायला लागली, की त्याच बाटलीशी माझं काही वैर नाही. डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन असली जिभेला गाठ मारणारी नावं वर असली तर ते सीरम. ही सिलिकोनं. त्यातलं डायमेथिकोन केसावर पातळ थर धरतं, त्यामुळं पाणी आत शिरायला वेळ लागतो. वेळ लागतो, एवढंच. हल्ली सिलिकोनला नावं ठेवायची पद्धत पडली आहे. मी ठेवत नाही. श्रावणात एकदा मोकळ्या केसांनी आंबोलीला जाऊन या आणि मग ठेवा.

दुकानातली पोरगी माझं वाचन बघत होती. माल टाकायला आलेल्या माणसाशी ती कानडीत, कॅम्पातून आलेल्या फौजी घरच्या बाईशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत, असं तिचं एकाच वेळी चाललं होतं. मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या केसाला स्मूदनिंगच करून घ्या की. बघायलाच नको मग." मागं साबण घ्यायला थांबलेली एक म्हातारी लगेच मध्ये पडली, "इर्लि बिड, भाळ चलो अदाव." म्हणजे, राहू देत, फार छान आहेत. माझ्या केसांना परक्या माणसानं चांगलं म्हटल्याचे प्रसंग फार नाहीत. त्या आनंदात मी एक जेल जास्तीचं घेतलं.

स्मूदनिंगचं, म्हणजे औषध लावून इस्त्रीनं केस सरळ करायचं म्हणाल, तर माझ्या मावसबहिणीनं लग्नाआधी करून घेतलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी. असल्या काही औषधांतून इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो आणि तो कॅन्सरला कारण होणाऱ्यांपैकी आहे, हे तिला तिथं कुणी सांगितलं नाही. फोटो सुरेख आले. पुढच्या पावसाळ्यात मुळाकडून कुरळे यायला लागले, तेव्हा कानाच्या वर एक बाई आणि कानाच्या खाली दुसरी.

तसा केसांचा काय दोष? दमट हवेत लांबायचं हा त्यांचा धर्मच आहे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूरनं 1783 साली या खोडीवर अख्खं शास्त्र उभं केलं. माणसाचा केस घ्यायचा, त्यातलं तेल काढून टाकायचं, ताणून बांधायचा आणि त्याला काटा जोडायचा. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, काटा फिरतो. पार कोरड्या हवेपासून पार ओल्या हवेपर्यंत केस साधारण 2 ते 2.5 टक्के लांबतो. हे वाचल्यापासून मी माझ्या डोक्याकडे जरा आदरानं बघते. माणसाच्या डोक्यावर लाखभर केस असतात म्हणे, म्हणजे लाखभर काटे. चोर्ला घाटाकडून ढग निघाले की हवामान खात्याच्या आधी मला कळतं, फक्त माझं कुणी ऐकत नाही.

केसातल्या प्रथिनांचे धागे एकमेकांना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. पाणी लागलं की ते बंध सुटतात आणि वाळताना जिथं असतील तिथं पुन्हा जुळतात. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना वळणं पडलेली असतात ती त्यामुळंच. सरळ केसांच्या बायका ही गंमत हौसेनं करतात. माझ्या डोक्यावर हवा ती दिवसभर फुकट करत असते, आणि प्रत्येक केसाला वेगळी दिशा देते.

हे सगळं शिकवलं भाचीनं. ती पुण्याला शिकते, सुट्टीत आली तेव्हा माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू थ्री-ए आहेस." अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचे केस वर्षानुवर्षं केलेल्या अँड्रे वॉकरनं केसांचे 1 ते 4 आणि त्यात पुन्हा ए-बी-सी असे प्रकार पाडले आहेत, त्यात मी बसते. आमच्या आजीच्या हिशेबात प्रकार दोनच होते, सरळ आणि अवदसा. बाबांचेही केस माझ्यासारखेच, पण त्यांना जन्मात कुणी अवदसा म्हटलं नाही. ते तळहातभर तेल थापून कचेरीला जायचे.

भाचीची पद्धत अशी: सल्फेट नसलेला शाम्पू. ओल्या केसांत कंडिशनर, आणि तो असतानाच बोटांनी गुंता सोडवायचा. मग जेल, केस मुठीत धरून खालून वर दाबत. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, कारण कुरळ्या केसांवरचे खवले आधीच उठलेले असतात, घासलं की आणखी उठतात. त्यासाठी तिनं मायक्रोफायबरचं एक फडकं आणलं होतं. मी कपाटातून बाबांचा जुना पंचा काढला, शंभर वेळा धुऊन मलमलीसारखा झालेला. तिनं तो गालाला लावून बघितला आणि आपलं फडकं मुकाट्यानं बॅगेत ठेवलं. जेल वाळलं की केसांवर कडक पापुद्रा धरतो. तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, वाळल्यावर मुठीत चुरगळून मोडायचा. आत खरोखरच कुरळे केस निघतात, एकेक बट वेगळी. आणि कंगवा? कोरड्या केसांना कंगवा अजिबात नाही.

"मग कधी विंचरायचे?"

"पुढच्या वेळी धुशील तेव्हा."

"आठवडाभर असेच?"

"असेच."

आई आतून ऐकत होती. तिनं भांडं जरा जोरातच ठेवलं.

विकतचं जेल संपलं तेव्हा भाचीनं जवसाचं केलं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, उकळत ठेवायचं आणि ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते फडक्यातून उतरत नाही, आणि मग कितीही पिळा. आईला वाटलं भाकरीबरोबरच्या चटणीची तयारी चालली आहे. बघते तर नात ते ओंजळीनं डोक्याला लावते आहे. "अगं, चटणीचं जवस की ते! डोक्याला कसलं लावालीस?" पण तिनंच पुढं आठवण काढली, की नंदगडला आजी दासवाळाची पानं (तुमच्याकडची जास्वंद) पाण्यात चुरून त्याचा बुळबुळीत रस शिकेकाईनंतर आमच्या डोक्याला लावायची. तो बुळबुळीतपणा आणि हा एकाच जातीचा. फक्त आजीचा फ्रिजमध्ये ठेवावा लागत नसे, परसात हवा तेव्हा ताजा मिळायचा.

नंदगडच्या घरी रविवारी न्हाणं. न्हाणीतली चूल पहाटेच पेटायची, लाकडं ओली म्हणून घरभर धूर. आदल्या रात्री तेल. आजी खोबरेल कोमट करून असं जिरवायची की उशीच्या अभ्र्याचा रंग बदलायचा. रेले आणि मोहिले या दोघांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांना लावून तपासलं, तेव्हा केसांतली प्रथिनं धुपून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. ते दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे खरं, पण आजीला तरी कोण पगार देत होतं?

मग सोप्यावर तिच्या दोन गुडघ्यांत माझं डोकं अडकवून विंचरणं. आधी कंगवा, मग लाकडी फणी. मी ओरडायची, ती सोडायची नाही. रोज. शाळा असो, सुट्टी असो, मला ताप असो. तापात तर जास्तच. एकदा गोवरानं अंगावर हात ठेववत नव्हता, तरी ती उशाशी बसून एकेक बट सोडवत होती आणि पुटपुटत होती, "हालू नगंस. गुंता ऱ्हायला की जट धरंल."

जट म्हणजे काय ते आमच्या भागातल्या मुलींना सांगावं लागत नाही. गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची. तिची जट कमरेखाली आलेली, भंडारा लावलेली, वेटोळं करून ती डोक्यावर बांधायची. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, तिला दर्शन म्हणतात, मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी. आमच्या दारात ती जोगवा मागायला आली की आजी सुपातून तांदूळ स्वतः द्यायची, सुनेच्या हातून देऊ द्यायची नाही, आणि दोघी उंबऱ्याशी बोलत उभ्या राहायच्या. दोघी एका वयाच्या, लहानपणी एकत्र खेळलेल्या. हे पुढं आईकडून कळलं. लहानपणी ती पोर पुष्कळ दिवस तापानं पडून होती. घरात कुणाला विंचरायला सवड नव्हती. केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, की गळालेले केस, तेल, घाम सगळं मिळून त्याची दोरी होते, त्यात दैवी काही नाही. पण पोर उठली तेव्हा मानेवर गुंता होता, आणि सौंदत्तीच्या यल्लम्मानं बोलावणं धाडलं असं थोरांनी ठरवलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला गाडी जोडून तिला डोंगरावर नेली आणि देवीला सोडून आले.

त्याआधीच, आमचा जिल्हा मुंबई इलाख्यात असताना, 1934 साली अशा देवीला सोडलेल्या मुलींसाठी, म्हणजे देवदासींसाठी, ही चाल बंद करणारा कायदा झाला होता. कर्नाटकानं 1982 साली पुन्हा केला. आजीला यातला एकही ठाऊक नसावा. तिच्यापाशी फणी होती.

भाचीला हे त्या रात्री सांगितलं, ती केसांवरचा पापुद्रा मोडत बसली होती तेव्हा. ऐकून थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "पण मावशी, नुसती कापून टाकायची ना."

कापता आली असती. पण कापली तर देवी कोपेल, घरातलं कुणीतरी जाईल, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, तिच्या आईला, आजीला, आमच्या आजीलाही. इतक्या वर्षांत गल्लीतल्या कुणीही कात्री पुढं केली नाही. ती बाई गेली तेव्हा जटेसकटच गेली.