जिप्सीचा रेग्युलेटर आणि ‘उद्या फोन करा’

जुन्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) मारुती जिप्सीचे इंजेक्टर बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तिचा प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजेक्टरकडच्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा पार्ट, मिळवणं मात्र अंत पाहणारं.

गाडी २००३ची. गरम इंजिन लवकर सुरू होईना, सायलेन्सरमधून काळा धूर, आत पेट्रोलचा वास. मिस्त्रींनी रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली तर नळीत पेट्रोल! रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला होता, पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढलं जात होतं. ही तपासणी फुकट होते, आधी तीच करा. इंजेक्टरही फवाऱ्याऐवजी धार मारत होते. चार भोकांचे नवे लगेच मिळाले.

मग नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं एक काउंटर. चॅसी नंबर दिला, आरसी दाखवली. “हा सुटा येत नाही, रेलसकट घ्यावा लागेल.” (रेल म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी.) मग रेल द्या. “रेल बंद झाली.” पुढे त्यांनीच “कंपॅटिबल मागवून देतो” म्हणत अ‍ॅडव्हान्स घेतला आणि सुरू झालं ‘उद्या फोन करा’. कधी माल निघालेला, कधी गोडाऊनला, कधी गोडाऊनवाला जेवायला. मधल्या काळात गाडी ताडपत्रीखाली आणि मी रिक्षात.

अखेर रेग्युलेटर आला, तोही ४ बार दाबाचा. माझ्या गाडीला लागतो ३ बारचा. “बसतोय ना? उलट पिकअप वाढेल साहेब!” वाढणार काय? इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ३चे ४ बार केले की तेवढ्याच वेळात सुमारे १५ टक्के जास्त. त्या काळच्या ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) ते किती सांभाळायचं? पुन्हा काळा धूर, वर काजळी धरलेले प्लग. नवे इंजेक्टर घेतानाही म्हणूनच मूळ फ्लो (किती पेट्रोल सोडतो) आणि रेझिस्टन्स (कॉइलचा विद्युत रोध) जुळवूनच घ्या, ‘मोठे’ घेऊ नका.

शेवटी मागच्या बोळातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुना तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि फळीवरून धूळ खाल्लेला, पण कोराच डबा काढला. ना चॅसी नंबर, ना आरसी. जुना पार्ट नेहमी सोबत न्या.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: रेल उघडण्यापूर्वी गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. नाहीतर दाबातलं पेट्रोल तोंडावर येतं. ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) व्हायटन नावाच्या टिकाऊ रबराच्याच घ्या. आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, साधं रबर त्यात फुगतं. बसवल्यावर दाब मोजणारं गेज लावायला सांगा. इंजिन बंद, पंप चालू असताना ३ बारच्या आसपास. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) साधारण अर्धा बार कमी. व्हॅक्यूम नळी काढली की काटा वर चढला पाहिजे. आमच्या मिस्त्रींकडे गेज आहे. ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

आता गरम इंजिन पहिल्याच सेल्फला उठतं, पीयूसीही बिनबोभाट झाली. अ‍ॅडव्हान्स मात्र त्या काउंटरवरच अडकलाय. ‘क्रेडिट नोट’ देतो म्हणाले, उद्या फोन करा.