लाकडी बेअरिंग आणि जात्याची खीळ

सहा इंची आरसा घासण्यात जितके महिने घालवले, त्याच्या निम्मेही लक्ष मी दुर्बिणीच्या बैठकीकडे दिले नव्हते. जुन्या बाजारातून आणलेल्या पोलादी बॉल बेअरिंगवर नळी इतकी सैल फिरत असे की आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) बदलताच तोल जाऊन ती खाली झुके आणि वाऱ्याची झुळूक आली तरी गुरू निसटे. बैठकीला थोडे घर्षण लागतेच, हे मला तेव्हा कळले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी लोकप्रिय केलेली प्लायवूडच्या पेटीची बैठक म्हणूनच मला पटली. हे गृहस्थ तेवीस वर्षे रामकृष्ण संप्रदायाच्या मठात संन्यासी होते आणि टाकाऊ वस्तूंतून दुर्बिणी करत, हेही मला आवडते. त्यांच्या रचनेत तळफळीवर तीन चकत्या बसवतात. पेटीचा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि मधला बोल्ट पेटीला केवळ जागेवर ठेवतो, जात्याची खीळ वरच्या दगडाला ठेवते तसा. चकत्या नेमक्या तळफळीच्या पायांच्या वरच हव्यात, नाहीतर फळी लवते.

मी आधी उघड्या प्लायवर प्लाय फिरवून पाहिला. ढकलावे तर हलत नाही, आणि हलला की उडी मारतो. आरशाच्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला) १० मिलिमीटरचा आयपीस लावला की १२० पट वर्धन मिळते, त्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह दोन मिनिटांच्या आत दृष्टिक्षेत्र ओलांडतो. त्यामुळे दर काही सेकंदांनी नळी केसभर सरकवावी लागते आणि तिथे ही उडी मुळीच परवडत नाही. मेणबत्ती घासल्याने काही दिवस बरे चालले, मग मेणात धूळ बसली.

शेवटी सुताराकडे उरलेला खडबडीत सनमाईकाचा तुकडा पेटीच्या बुडाला चिकटवला आणि चकत्यांच्या जागी टेफ्लॉनचे इंचभर चौकोन ठोकले. टेफ्लॉनला सुरुवातीचे आणि चालतानाचे घर्षण जवळजवळ सारखेच असते, त्यामुळे बोटाने ढकलले की नळी सरकते आणि बोट काढले की तिथेच थांबते. नळी ज्यांवर वरखाली झुकते त्या दोन्ही बाजूंच्या लाकडी चकत्यांच्या कडेलाही तोच सनमाईका गुंडाळला.

पावसाळ्यात मात्र प्लाय फुगून बोल्टचे भोक आवळते. जुलैत एकदा कानस घेऊन बसावे लागते.