डिझेल घ्यावं की पेट्रोल? आधी रोजचे किलोमीटर सांगा

पंपावरच्या बोर्डावर डिझेल स्वस्त दिसतं, म्हणून मालाची गाडी डिझेलचीच, हा हिशोब खान्देशात अजून पक्का बसलेला आहे. तो चुकीचा नव्हता, जुना झालाय. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल 41 च्या आत होतं. जानेवारी 2013 पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढवलं गेलं, ऑक्टोबर 2014 मध्ये त्याचा दर सरकारी नियंत्रणातून सुटला, आणि जून 2020 मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकलं गेलं. आपल्याकडे फरक बारा-तेरा रुपयांवर आला. दुसरीकडे एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक नियम लागू झाला आणि डिझेल गाडीची किंमतही वाढली, दुरुस्तीही.

तरी डिझेलला एक जमेची बाजू आहे आणि ती बोर्डावर लिहिलेली नसते. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के ऊर्जा जास्त. वर इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, आणि हवा अडवणारी थ्रॉटलची झडप पेट्रोल इंजिनासारखी काम करत नाही. त्यामुळे त्याच वजनाला डिझेल गाडी साधारण पाव हिश्शाने जास्त अॅव्हरेज देते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून लिटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. 2020 चं माहितीपत्रक दाखवून कोणी पेट्रोल छोट्या हत्तीचं अॅव्हरेज सांगत असेल तर ते आजच्या पेट्रोलचं नाही.

आता गणित. समजा एकाच वर्गातल्या दोन छोट्या गाड्या आहेत, डिझेलची लाखाने महाग. हा लाख कर्जातून आला तर 11 टक्क्यांनी तीन वर्षांत 1 लाख 18 हजारांच्या घरात फेडावा लागतो. पेट्रोल 104 रुपये आणि भरलेल्या गाडीचं अॅव्हरेज 14 धरा: किलोमीटरला 7 रुपये 43 पैसे. डिझेल 91 रुपये आणि अॅव्हरेज 18: 5 रुपये 6 पैसे. फरक 2 रुपये 37 पैसे. त्यातून डिझेलचे महागडे फिल्टर, ऑइल आणि गाडीला लागत असेल तर डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) यांचे 40 पैसे वजा करा. उरतात 1 रुपया 97 पैसे. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला जवळजवळ 60 हजार किलोमीटर लागतात.

यावल तालुक्यात मळा ते पॅकिंग अशा फेऱ्या मारणारी गाडी दिवसाला 60 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस चालली, तर 40 महिने. हप्ते संपले तरी वसुली बाकी. तीच गाडी जळगाव-धुळे-मालेगाव करत दिवसाला 150 किलोमीटर पळाली, तर 16 महिने. माझं मत: रोजची धाव 70-80 किलोमीटरच्या आत असेल तर डिझेलच्या मागे लागू नये. वाटेवर सीएनजी पंप असेल आणि रांगेत तास जात नसेल, तर पेट्रोलच्या आधी सीएनजीचा भाव विचारावा. मात्र टाकीच्या वजनाइतका माल कमी बसतो.

नंदुरबार-नवापूरवाल्यांचं गणित वेगळं. गुजरातमध्ये पेट्रोल आपल्यापेक्षा दहाएक रुपयांनी स्वस्त असतं, डिझेल मात्र जेमतेम रुपयाने. नवापूरहून उच्छलकडे रोज जाणं असेल तर पेट्रोल 94 आणि डिझेल 90 धरून वरचं गणित पुन्हा करा. वसुली 60 हजारांवरून 90 हजार किलोमीटरवर जाते. मध्य प्रदेशात सेंधवा-बऱ्हाणपूरच्या बाजूला हा फायदा नाही, तिथलं पेट्रोल आपल्याइतकंच महाग किंवा जास्तच.

या सगळ्यात अॅव्हरेजचा आकडा स्वतःचा हवा. ज्या नोझलवर टाकी भरली तिथेच, पहिल्या ऑटो-कटला थांबून, पुन्हा भरायची. रीडिंग लिहायचं. भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्या वेगळ्या ठेवायच्या आणि निदान तीन टाक्यांची सरासरी काढायची. सकाळी थंडीत भरलं की जास्त मिळतं, ही समजूत सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दुपारपर्यंत फारसं हलत नाही. सकाळी करायचं काम म्हणजे टायरची हवा तपासणं. मे महिन्यात भुसावळच्या 45 अंशांत तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं, ते बघून हवा काढली की गाडी रात्री कमी हवेवर चालते आणि तेल पिते.

छोट्या फेऱ्यांत डिझेल गाडीचं नुकसान फक्त हिशोबात नसतं. बीएस-6 मध्ये धुरातली काजळी धरणारा डीपीएफ असतो. धरलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. चार किलोमीटर चालली, तासभर उभी राहिली, परत चार किलोमीटर, असं झालं की काजळी जळत नाही, साठते. डीपीएफचा दिवा लागला की गाडी तशीच दामटू नका. भुसावळ-मुक्ताईनगरसारख्या मोकळ्या चौपदरीवर मधल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, वीस-पंचवीस मिनिटं चालवा. दिवा बघूनही दुर्लक्ष केलं तर इंजिन ताकद तोडतं, आणि मग शोरूमच्या मशिनशिवाय सुटका नाही. ऑइल कमी राखेचंच टाकायचं, डब्यावर सीके-4 किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला ग्रेड बघून. ट्रॅक्टरसाठी आणलेलं साधं ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. डीपीएफ कापून काढून देणारे गॅरेजवाले भेटतात. ते बेकायदेशीर आहे आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसला गाडी न्यावी लागते, हे लक्षात असू द्या.

डीईएफ लागणाऱ्या गाडीत ते डिझेलच्या तीन ते पाच टक्के जातं. ते 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. घरात युरियाची गोणी आहे म्हणून बादलीत घोळ करणारे महाभाग आहेत. खताच्या युरियावर 2015 पासून सरसकट कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय बाययुरेट ही युरियातली अशुद्धी आणि बोअरच्या पाण्यातले क्षार. धुरात डीईएफ फवारणारा गाडीचा नोझल आधी चोंदतो, मग धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट जातो. विकतचा डबाही टपावर उन्हात ठेवू नये, तिशीच्या वरच्या तापमानात तो लवकर खराब होतो.

तिसरं दुखणं पाण्याचं. कॉमन रेलचे, म्हणजे आजच्या डिझेल इंजिनात इंधन फवारणारे, इंजेक्टर हजार-दीड हजार बारच्या वरच्या दाबाने काम करतात आणि डिझेलच त्यांचं वंगण. शेतावरच्या पिंपातून भरलेल्या डिझेलमध्ये तळाला पाणी असतं, रॉकेल मिसळलं असेल तर वंगणही गेलं. पिंप भरल्यावर दिवसभर स्थिर ठेवा, तळाचं चार बोटं काढू नका, आणि फिल्टरखालची पाण्याची चावी पावसाळ्यात दर आठवड्याला सोडा.

पेट्रोल गाडीची दुखणी सोपी, पण तिच्यावर माणसं अन्याय करतात. साडेसातशे किलो माल वाहणाऱ्या गाडीत बारा क्विंटल कांदा भरून कोंडाईबारीच्या घाटात चढवली की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, क्लच जळतो, अॅव्हरेज नऊ-दहावर येतं. मग म्हणायचं, पेट्रोल परवडत नाही. घाट रोजचा आणि माल टनाच्या वर असेल तर मोठा पिकअपच घ्या, आणि तो बहुतेक डिझेलचाच येतो.

मोठ्या ट्रकला पेट्रोलचा पर्यायच नाही, तिथे भाव वाढला की भाडं मोजावं लागतं. रावेरहून दिल्ली 1100 किलोमीटरच्या आसपास. भरलेल्या ट्रकला 4 चं अॅव्हरेज धरलं तर 275 लिटर. डिझेल 5 रुपयांनी वाढलं की एका बाजूला 1375 रुपये, 150 क्विंटल केळीवर क्विंटलमागे 9 रुपये. परतीला माल मिळाला नाही तर रिकाम्या गाडीचं अॅव्हरेज धरून तोही खर्च त्याच केळीवर बसतो. म्हणून भाडं ठरवताना बिल्टीवर त्या दिवशीचा डिझेलचा दर लिहून घ्यावा आणि किती रुपयांच्या फरकावर भाडं बदलेल तेही, वाढला तरी आणि उतरला तरी.