आमची वाटचाल : दुसऱ्यांनी सोडलेल्या गाड्या

धुळ्यात चाळीसगाव रोडला आमचं गॅरेज आहे. मोठे भाऊ मिस्त्री, खरेदी-विक्री माझ्याकडे, आणि हिशेबाची वही वहिनींच्या ताब्यात. सुरुवात काळी-पिवळी जीप आणि टेम्पोच्या कामांवर झाली. गाड्या विकायचं तेव्हा डोक्यातही नव्हतं. पण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग आपल्या गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे बंद पडलेली गाडी टोचन लावून आमच्या दारात यायची. मालक इंजिन खोलायला सांगायचा, खर्चाचा आकडा ऐकायचा आणि म्हणायचा, "राहू द्या, काय द्यायचं ते द्या अन् तुम्हीच ठेवून घ्या." अशा ठेवून घेतलेल्या गाड्यांतून दुसरा धंदा उभा राहिला.

बाहेरून बघणाऱ्याला हा धंदा फार सोपा वाटतो. दोन लाखांना घेतली, चारला विकली, दोन सुटले! म्हणून एका गाडीचा हिशेब वहीत आहे तसाच देतो. ऑटोमॅटिक, परदेशी बनावटीची सेडान, गिअरबॉक्स झटके मारत होता. खरेदी २,६०,०००. विक्री ३,७८,०००. म्हणजे वर १,१८,०००. आता खर्च बघा. गिअरबॉक्सचं काम ५२,०००, तेही जुना पार्ट मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून मिळाला म्हणून. दोन टायर ११,०००, सस्पेन्शन ९,५००, बॅटरी ७,०००, दोन दरवाजांचं डेंटिंग-पेंटिंग ६,५००. झाले ८६,०००. उरले ३२,०००.

इथे माणूस खूश होतो, पण जीएसटी या ३२ हजारांवर लागत नाही. जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला कर खरेदी आणि विक्रीच्या फरकावर भरावा लागतो, मधला दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. पूर्वी लहान गाड्यांना १२ टक्के आणि मोठ्यांना १८ असं होतं, जानेवारी २०२५ पासून सरसकट १८. आमच्या १,१८,००० मध्ये कर धरलेलाच होता, त्यातले १८,००० कराचे गेले. मग दलालाचे ५,०००. गाडी चार महिने उभी होती, खरेदीच्या रकमेवर बारा टक्क्यांनी व्याज १०,४००. वहिनींनी खाली रेघ मारून तोटा लिहिला, १,४००. भाऊंनी त्या गाडीवर घातलेल्या मजुरीचा तर यात रुपयाही नाही.

गिऱ्हाइकाला आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. पंचवीस लाखांची गाडी दहा-बारा वर्षांनी चार लाखांत मिळते, पण तिचे पार्ट पंचवीस लाखांच्या गाडीचेच राहतात. हेडलाइट फुटला तर दुकानदार तुमची गाडी कितीला घेतली ते विचारत नाही. म्हणून तर पहिला मालक ती सोडतो. आमच्याकडे एक नाना आले होते, केळीचे मोठे बागायतदार, त्यांचं वाक्य आम्ही अजून वापरतो : "गाडी चालस, पन परवडत नही."

घेताना बघायच्या जागा आता ठरल्या आहेत. ऑइलचं झाकण चालू इंजिनवर उघडायचं, धूर फुंकला की इंजिनचं काम धरूनच भाव बोलायचा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडालं. सुरतेची गाडी म्हटली की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. बुडालेली गाडी आम्ही कुठल्याच भावात घेत नाही. इंजिन दुरुस्त करता येतं, पण वायरिंग आणि कंट्रोल युनिट आज चालतात, उद्या नाहीत, आणि विकल्यानंतरचा फोन आम्हालाच येतो. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली डिझेल गाडी असेल तर मालक ती कुठे फिरवत होता ते आधी विचारतो. गावातल्या गावात दूध-भाजीला वापरलेल्या डिझेलचा धुराचा फिल्टर काजळीने भरलेला असतो. शेवटची परीक्षा मे महिन्यात. भरदुपारी एसी लावून लळिंगचा घाट चढवायचा आणि इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. खान्देशचं ऊन बरंच खरं बोलायला लावतं.

कागद ही वेगळीच डोकेदुखी. गुजरात पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणून इथला रोड टॅक्स भरला की तो स्वस्तपणा संपतो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीची फी पूर्वी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,०००. बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर गाडी हलतच नाही. सगळ्यांत जास्त झोप उडवायचं ते नाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या अंगावर. तरी लोक मालकी बदलाचे सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म देऊन मोकळे व्हायचे. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरची पद्धत आली. गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं आता आरटीओला कळवता येतं, त्यामुळे मालकाच्या जिवाचा घोर थोडा कमी झाला.

कापसाचे पैसे हातात आले की आणि पुढे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला गिऱ्हाईक वाढतं, म्हणून खरेदी आम्ही पावसाळ्यात उरकतो. तेव्हा विकणाऱ्याला घाई असते. आवारात एका वेळी एकच मोठी गाडी उभी करायची, बाकी जागा साध्या पेट्रोल हॅचबॅकना, हा वहिनींचा हुकूम. हॅचबॅकवर पंधरा-वीस हजार सुटतात, पण महिन्याभरात सुटतात.

मोठी गाडी बघायला आलेल्या पोराला आम्ही विचारतो, पहिल्या वर्षासाठी वेगळे लाखभर ठेवलेत का? नाही म्हणाला तर हॅचबॅककडे नेतो. बरेच जण तरी मोठीच घेतात, आणि वर्षभरात गॅरेजच्या बाजूने आत येतात.