वसईच्या कोटात: पडक्या चर्चांची पायी फेरी

वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरलं की महापालिकेची बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. रिक्षावाल्याला नुसतं ‘किल्ला’ म्हटलं तर तो बहुतेकांना थेट चिमाजी अप्पांच्या स्मारकाशी नेऊन सोडतो. आम्ही तटबंदी दिसताच थांबवायला सांगितलं. ‘इथे काही नाही, पुढे आहे सगळं,’ असं म्हणत त्याने नाइलाजाने ब्रेक मारला.

त्याचं तरी काय चुकलं? सह्याद्रीतले गड हिंडून तयार झालेला डोळा घेऊन वसईत आलं की माणूस माची, टाकी, चोरदिंडी शोधत बसतो. त्यातलं काही सापडत नाही. मग बुरुजावर एक फोटो काढायचा आणि ‘झुडपंच माजलीत नुसती’ म्हणत अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे निघायचं. माझंही कॉलेजात असताना हेच मत होतं. आता वाटतं, वसईला किल्ला म्हणून जाऊच नये. तटबंदीच्या आत एक अख्खं पोर्तुगीज शहर पडलेलं आहे. त्यात रस्ते होते, चौक होते, कचेऱ्या, तुरुंग, धर्मादाय संस्था आणि पावलोपावली चर्च. सुमारे एकशे दहा एकरांचं हे शहर पाहायचं तर चर्चच्या मनोऱ्यांच्या खुणेने पाहावं. तट आणि बुरुज आपोआप वाटेत येतातच.

गाइड केला नाही. करायचा म्हटला तरी तिथे तो सहज मिळत नाही. पुरातत्त्व खात्याच्या पाट्या आहेत, पण त्यांच्यावर विसंबून फिरता येत नाही. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा आधीच उतरवून घेतला होता. झाडीतून छप्पर नसलेल्या चर्चचे आयत त्यात स्वच्छ दिसतात आणि वाट चुकायची भीती राहत नाही. सोबत कॉलेजातला मित्र संदीप. तो स्थापत्य अभियंता, त्यामुळे कमान दिसली की थबकणार आणि ‘ही अजून उभी कशी?’ एवढंच विचारणार.

जमिनीच्या दरवाजातून आत शिरलं की वाट लगेच वळते. समोरून धावून येणारा हत्ती असो की फौज, दुसऱ्या दाराशी पोचेपर्यंत त्यांचा जोर मोडावा अशी ही योजना. मूळ मुक्काम मात्र याहून जुना. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या धास्तीत होता. त्याने 1534 च्या डिसेंबरात वसई आणि भोवतालचा मुलूख तह करून पोर्तुगीजांना दिला. नुनो द कुन्हा तेव्हा गोव्याचा गव्हर्नर होता. 1536 मध्ये आधी उभा राहिला तो आतला छोटा बालेकिल्ला. शहर त्याच्या भोवती वाढत गेलं आणि शहराभोवतीचा मोठा तट नंतर आला. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्हं अजून ओळखू येतात. ढाल, क्रूस आणि आडव्या-उभ्या कड्यांचा तो गोल, ज्याला बघणारा हमखास ‘पृथ्वी’ म्हणतो. खरं तर ते दर्यावर्दींचं आकाश मोजायचं यंत्र आहे. समुद्रावर जगणाऱ्या राज्याची ही सही वसईत ठिकठिकाणी भेटते.

बालेकिल्ल्यात आम्ही फार रमलो नाही. एक जोडपं लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलं होतं. तिचा लाल झगा सावरायला दोन माणसं, धूर सोडायला तिसरा. या किल्ल्याला आज सर्वांत जास्त वेढा पडत असेल तर तो याच मंडळींचा. त्यांच्या फ्रेममधून बाजूला व्हायचं आणि पुढे चालायचं.

सेंट जोसेफ हे इथलं मुख्य चर्च. वसईच्या कोटात एकच वास्तू बघायला वेळ असेल तर ती हीच. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेने 1546 च्या सुमारास ते बांधलं गेलं आणि 1601 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. दर्शनी भिंतीवर तसा पोर्तुगीज लेख आहे. त्यात गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांचं नाव येतं. मान वर करून अक्षरं लावत बसलो तेव्हा ‘1601’ हा आकडा आधी लागला आणि मग बाकीचं सुटत गेलं. भाषा येत नसली तरी रोमी अक्षरं आणि विशेषनामं एवढ्यावर बरंच काम भागतं.

आत छप्पर नाही. गुडघाभर गवत, वर मोकळं आकाश. टोकाला वेदीची कमान तेवढी शाबूत. ‘मराठ्यांनी चर्च पाडली’ असं एक वाक्य इथे येणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये कोणी ना कोणी अभिमानाने किंवा हळहळत टाकतंच. इथे उभं राहिल्यावर ते मला पटत नाही. 1739 मध्ये मराठ्यांनी घातलेल्या वेढ्यात तोफा चालल्या, सुरुंग उडाले, नुकसान झालंच असणार. पण या वास्तूंची छपरं लाकडाची आणि कौलांची. कोकणात दरवर्षी शाकारणी झाली नाही तर घर चार पावसाळे काढत नाही. इथली वस्तीच निघून गेली, मग कोण शाकारणार? छप्पर खाली आलं की भिंतींत पिंपळ शिरतो. उरलेलं काम तो सावकाश करतो. वेदीच्या डाव्या भिंतीत माझ्या मांडीएवढं मूळ दोन चिऱ्यांच्या मधून निघून खाली तिसऱ्या चिऱ्यात घुसलेलं होतं. संदीप म्हणाला, ‘आता हे कापलं तर भिंत पडेल आणि ठेवलं तरी पडेल.’

मनोऱ्यावर जायला दगडी चक्राकार जिना आहे. एका वेळी एकच माणूस, तोही अंग चोरून. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, अंधार आहे, वटवाघळांचा वास आहे. वर पोचल्यावर मात्र सगळं शहर एका नजरेत उलगडतं. ताडांच्या शेंड्यांमधून बाकीच्या चर्चच्या भिंती वर आलेल्या दिसतात, पलीकडे वसईची खाडी, होड्या, समोर भाईंदर-उत्तनचा किनारा. वेढ्याच्या दिवसांत त्या बाजूचं धारावी बेट मराठ्यांनी का इतक्या ईर्ष्येने घेतलं, हे पुस्तकात वाचून मला कधी नीट कळलं नव्हतं. इथून बघताच कळलं. खाडीचं तोंड दोन्ही काठांनी धरलं की वसईला समुद्रातून रसद येणार कुठून?

घंटा मात्र मनोऱ्यात नाही, आणि ती कुठे गेली असेल याचा अंदाज मराठी माणसाला लगेच येतो. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा, भीमाशंकरच्या देवळातली घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा. या सगळ्या वसईच्या मोहिमेतून आल्याचं सांगतात. मेणवलीच्या घंटेवर तर मरियम आणि बाळ येशूची आकृती स्पष्ट आहे. म्हणजे चर्च बघायला वसईत आणि घंटा बघायला थेट घाटावर, असा हा दौरा प्रत्यक्षात दोनशे किलोमीटरहून लांब आहे.

खाली उतरून दर्यादरवाजाकडे गेलो. दाराच्या लाकडी फळ्या लोखंडी पत्र्याने मढवलेल्या, त्यावर खिळे. दरवाजातून बाहेर पाऊल टाकलं की इतिहास संपतो आणि किल्लाबंदरचा कोळीवाडा सुरू होतो. वलांडीवर बोंबील वाळत होते, जमिनीवर जवळा पसरलेला, वास असा की संदीपने नाकाला रुमाल लावला आणि मी उलट खोल श्वास घेतला. ज्याची त्याची आवड. एक म्हातारबाबा सावलीत जाळं विणत बसले होते. गळ्यात क्रूस, डोक्याला गमछा. ‘शूटिंगवाले का?’ त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर एकदम मोकळे झाले. ‘मग आधी गोन्सालोच्या देवळात जा. बाकीची सगळी पडलीत, तेवढं आम्ही ठेवलंय.’

ते म्हणत होते ते जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं चर्च. वाटेत डोमिनिकन या दुसऱ्या संघाच्या मठाचे अवशेष लागतात, पण झाडोऱ्यात आत शिरायला धड वाट नव्हती, म्हणून बाहेरूनच बघितले. जेझुइट चर्चचा दर्शनी भाग मात्र साऱ्या कोटात देखणा. खोबणीदार खांबांच्या जोड्या, त्यांच्या माथ्यावर कोरलेली पानं, मधोमध अर्धगोल कमानीचं दार. भिंती काळ्या पाषाणाच्या आणि नक्षीला फिकट रंगाचा दगड. सकाळच्या उन्हात तो वेगळा उठून दिसतो. पानं जवळून पाहिली तर काही ठिकाणी कडा अजून धारदार आहेत आणि पावसाची धार जिथे थेट पडते तिथे नुसते गोळे उरलेत. बाजूला त्यांच्या कॉलेजच्या खोल्या आणि चौक आहे.

हे आज संत गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणून ओळखलं जातं. पोर्तुगीज बाप आणि इथली स्थानिक आई यांचा हा वसईचा मुलगा. तो जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे काही काळ व्यापार केला आणि शेवटी मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन या तिसऱ्या संघात शिरला. परत जपानला पाठवलेल्या मंडळींत भाषा जाणणारा म्हणून त्याची गरज होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं गेलं, त्यात तो होता. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. चर्चवर आता नवं छप्पर आहे, फेब्रुवारीत सण भरतो, गावोगावचे लोक येतात. बाकीच्या पडक्या वास्तूंच्या मधोमध झाडून-पुसून ठेवलेली फरशी बघितली की म्हातारबाबांचं ‘आम्ही ठेवलंय’ किती शब्दशः खरं होतं ते समजतं.

शेवटचं मोठं चर्च फ्रान्सिस्कनांचं, संत अँथनीच्या नावाचं. इथे मी सर्वांत जास्त वेळ काढला, आणि संदीप कंटाळून कमानीखाली आडवा झाला. जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज सरदार-दरकदारांच्या. काहींवर घराण्याची ढाल, काहींवर नुसता मजकूर. बऱ्याचशा ‘सेपुल्तुरा’ म्हणजे ‘थडगं’ या शब्दाभोवतीच सुरू होतात, पुढे नाव, हुद्दा, बायकोचं नाव, वारसांचा हक्क. ऊन डोक्यावर आलं की अक्षरं सपाट होतात. म्हणून इथे एकतर सकाळी लवकर या नाहीतर उतरत्या उन्हात, किरण तिरपे असले की खाचांत सावली भरते आणि वाचता येतं. शिळेवर पाणी ओतणं, खडूने अक्षरं भरणं असले उद्योग करू नका. एका शिळेवर पावणेतीनशेहून जास्त वर्षं टिकलेल्या नावाच्या शेजारी कोणा ‘राहुल’ने आपलं आणि तिचं नाव कोरून ठेवलंय. हे घराणंही इथेच संपलं असावं.

मग स्मारकाकडे. इथे तुम्हाला 1739 भेटतो. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा वसईसमोर महिनोन्‌महिने झुंजले. माणसं खूप गेली. ‘किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी देऊन माझं मस्तक तरी आत पडेल असं करा’ ही त्यांच्या तोंडची आख्यायिका मराठी शाळेत शिकलेल्या कोणाला ठाऊक नाही? मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, खिंडार पडलं आणि पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना मानाने, चीजवस्तूंसह निघून जाऊ दिलं. जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, असंही ठरलं. मला विजयाच्या बरोबरीने ही कलमं मोठी वाटतात. वसईत आज जे मराठी बोलणारे ख्रिस्ती आहेत, त्यांच्या इथे असण्याशी या कलमांचा थेट संबंध आहे. याच वसईत 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो विषय मी स्मारकाच्या आवारात मुद्दाम काढला नाही. शेजारी नागेश्वराचं देऊळ आहे, सावली आहे, टेकायला जागा आहे.

थोडं कामाचं. चार तास हाताशी ठेवा. पावसाळ्यात शेवाळं आणि साप, मे महिन्यात ऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तिकीट नाही. पाणी बरोबर असू द्या, आत दुकानं नाहीत. पायात पूर्ण बूट हवेत, कारण गवतात काचा असतात. मुंबईहून येणाऱ्यांना 2024 पासून भाईंदरहून रो-रो म्हणजे गाड्याही नेणारी बोटही आहे, खाडीतून तट बघत येता येतं. येताना ट्रेन आणि जाताना बोट असं केलं तर दोन्ही बाजू बघून होतात. पारनाक्याला सुकेळी मिळाली तर घ्या. केळ्याच्या पानात बांधलेली वाळवलेली केळी, वसईबाहेर ती सहसा दिसत नाहीत.

आम्ही परत फिरताना पापडीला उतरलो. तिथलं कृपामातेचं चर्च हे 1998 मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. संध्याकाळची मिस्सा चालू होती, मराठीत. मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून पाहिलं आणि काही न विचारता गीतांचं पुस्तक माझ्या हातात दिलं, पान काढून. संदीप तोपर्यंत छताची कैची बघण्यात गर्क झाला होता.