यात पाऊस कुठंय?

आषाढात कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायची सोयच नसते. लोणावळ्याजवळ तुंगार्लीपाशी सुरू झालेली झोड किल्ल्याखालच्या उधेवाडीपर्यंतचे १५ किलोमीटर पिच्छा सोडत नाही, आणि माणूस आपला पुढच्याच्या टाचांकडे बघत राजमाची गाठतो. मी जातो तो श्रावणात. भुरभुर येते, थांबते, विसरलात की पुन्हा येते. छत्री उघडायची लाज वाटावी इतकीच, पण तासाभरात बनियनपर्यंत पोचलेली.

फोटोंसाठी मला हीच हवी असते. (घरी हे पटत नाही. त्यांच्या मते फोटो म्हणजे ऊन.) उन्हात राखाडी, मरगळलेला दिसणारा आपला कातळ भिजला की काळाकुळकुळीत होतो. पानांचं मात्र उलटं. ओली पानं आभाळाचा सगळा पांढरेपणा परत फेकतात आणि डोळ्यांनी पाहिलेलं हिरवंगार रान फोटोत फिक्कट उतरतं. त्यावर इलाज पोलरायझरचा, म्हणजे भिंगापुढे लावायच्या, चकाकी कापणाऱ्या फिल्टरचा. त्याची कडी हळूहळू फिरवत जायची. एका जागी चकाकी पुसली जाते आणि खालचा हिरवा वर येतो. मला तेवढ्यासाठी पुन्हा १५ किलोमीटर चालायला सांगितलंत तरी चालेन. धुक्यात कॅमेरा हमखास फसतो. समोरचं पांढरं बघून त्याला उजेड जास्त झाल्यासारखं वाटतं आणि तो धुक्याचं मळकट फडकं करून ठेवतो. आपण एक स्टॉप वाढवून द्यायचा, म्हणजे उजेड दुप्पट करायचा.

खरं भांडण भिंगावरच्या थेंबाशी. मायक्रोफायबरची ३ फडकी नेली होती, तिन्ही तुंगार्लीच्या थोडं पुढेच ओली झाली. ओल्या फडक्याने थेंब जात नाही, पसरतो. शेवटी दुधाच्या पिशवीत बांधून ठेवलेला दुसऱ्या दिवशीचा बनियन कामी आला. दुसऱ्या दिवशी मी काय घातलं ते विचारू नका.

राजमाचीचे बालेकिल्ले दोन. त्यातल्या श्रीवर्धनच्या माथ्यावर ढग दोन-तीन मिनिटं फाटले. समोर दुसरा, मनरंजन, खाली उधेवाडीची कौलं. धडाधड चाळीसेक फोटो काढले आणि खुशीत खाली उतरलो.

जेवायला थांबलो त्या घरातल्या आजींनी पिठलं वाढता वाढता फोटो बघितले. सगळे बघितले, डोळे बारीक करून. मग म्हणाल्या, "समदं हिरवंगार हाय बाबा. पण यात पाऊस कुठंय?"

खरंच नव्हता. दिवसभर अंगावर झेललेला पाऊस एकाही फोटोत नव्हता. पांढऱ्या आभाळापुढे भुरभुर दिसतच नाही, आणि शटर फार सावकाश ठेवलं तर उरलीसुरली पुसली जाते. तिला मागे काळोख लागतो. असा काळोख डोंगरावर शोधत बसलो असतो. तो होता आजींच्याच दारात. आत चूल, दिवे गेलेले. हात धुऊन अंगणात गेलो, शटर एक साठांश सेकंदावर आणलं आणि दाराकडे रोखलं. आजी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "अरं आत ये की, भिजतोयस!"

काळ्या चौकटीवर पांढऱ्या तिरक्या रेघाच रेघा उमटल्या. ना किल्ला, ना दरी. धावत जाऊन दाखवला.

"आत्ता आला पाऊस," आजी म्हणाल्या. "पण माझं त्वांड कुठंय?"