रकाना राहिला

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शिक्षकांचा गट कुठल्या प्लॅटफॉर्मवर न्यायचा, हे ठरवायला आम्ही वाळपईत जमलो होतो. 22 जण, बाहेर जूनचा पाऊस. तोवर सगळं फोनवरच्या एका गटात चालायचं. कृतिपत्रिका वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडल्या जायच्या आणि नवीन आलेला पुन्हा तेच मागायचा.

मी मूडल बसवून नेलं होतं, म्हणजे धडे आणि साहित्य ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर. 2002पासून चालत आलेलं, मुक्तस्रोत. ॲपमध्ये धडा एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही उघडतो. डोंगराआडच्या गावांना याची किंमत विचारा! आठ रात्री बसून मी इयत्तावार मांडणी केली होती.

अडलं पासवर्डवर. मूडलची मूळ अट अशी: किमान 8 अक्षरं, त्यांत एक मोठं (कॅपिटल), एक लहान, एक अंक, एक चिन्ह. एका बाईंच्या फोनवर मराठी कीबोर्ड. मुलीचं नाव त्यांनी चारदा टाकलं, चारही वेळा खाली लाल ओळ. अंगठा पदराला पुसून पाचव्यांदा टाकलं. ही अट ॲडमिनला सेटिंगमध्ये काढता येते. आदल्या रात्री मीच काढायला हवी होती. शिक्षकाशेजारी बसून त्याचा फोन कधी न पाहिलेली माणसं हे सगळं ठरवतात, आणि त्या दिवशी मीही त्यांतलाच होतो.

चहाच्या वेळी त्याच बाई जवळ आल्या. "सर, यात माझा नंबर सगळ्यांना दिसतो?" जुन्या गटातून कुणीतरी तो उचलला होता. रात्री अकरानंतर फोन यायचे. "आता अनोळखी नंबर उचलतच नाही मी."

मूडलला नंबर लागत नाही, ईमेलही लपवता येतो. टेलिग्रामवर नंबर कुणालाच दिसू नये असं लावता येतं. पण मी केलेल्या तुलनेच्या तक्त्यात साठवण होती, फाइलचा आकार होता, फुकटच्या झूमची 40 मिनिटं होती. नंबर कोणाला दिसतो, हा रकानाच नव्हता.

साहित्य मूडलवर, बोलणं टेलिग्रामवर, असं ठरलं. प्रत्येकाच्या हातातला फोन घेऊन ते सेटिंग मी स्वतः लावलं. बाईंची एसटी होती, त्या तेवढ्यात निघून गेल्या होत्या.

महिन्याने मूडलची यादी उघडली. 21 नावांपुढे शेवटचं कधी उघडलं त्याच्या तारखा. बाईंच्या नावापुढे 'कधीच नाही'. फोन करायला हात गेला, पण माझा नंबर त्यांच्याकडे नाही. शनिवारी त्यांच्या शाळेत जाऊन येतो.